कुमरेचा लंगर, माझा खुटा

दिवाकर कुमरेबद्दल दोन चांगले शब्द लिहून आणा, असं मला आमच्या शीड मंडळानं सांगितलं आहे. तो गेला त्याला आता दुसरा पावसाळा. मंडळ धरणाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, त्याच्या नावाची पाटी लावणार आहे, आणि पाटी लावायची म्हणजे कुणीतरी उभं राहून बोलावं लागतं. "तुम्हीच त्यांचे सगळ्यात जुने मित्र," असं म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मित्र! माझ्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोंत माझ्यापेक्षा तो जास्त उठून दिसतो. माझ्या सासूच्या बहिणीनं मांडवात त्याच्याकडे बघून विचारलं होतं म्हणे, नवरदेव हाच का? तर लिहितो. पण चांगलंच निघेल याची हमी देत नाही, कारण त्याची आठवण काढायला बसलो की अजूनही माझ्या पोटात दुखतं.

आमचं शीड मंडळ म्हणजे वीज केंद्राच्या ऊर्जानगर कॉलनीतल्या काही इंजिनिअर आणि फोरमन लोकांचं रविवारचं खूळ. हे खूळ आणलं कोकणातून बदलून आलेल्या एका मोठ्या साहेबांनी. त्यांना समुद्रावाचून करमेना. म्हणून त्यांनी क्वार्टरच्या मागं प्लायवूडची होडी बांधली, तिला कापडी शीड लावलं आणि एका रविवारी धरणात सोडली. बघायला आलेल्या माणसांनी पाळीवर बसून पोटभर हसून घेतलं. पुढच्या वर्षी त्याच माणसांच्या स्वतःच्या होड्या होत्या, मीही त्यातलाच. वारा कुठला, हे आम्ही वीज केंद्राच्या चिमण्यांच्या धुरावरून ओळखायचो. धूर ताडोब्याकडे झुकला की शीड एका अंगाला ओढायचं, चांद्याकडे झुकला की दुसऱ्या. पाळीवर वाघ बसलेला असला तर त्या रविवारी होड्या बांधलेल्याच राहायच्या आणि आम्ही घरी जाऊन पोहे खायचो.

अडचण होती ती लंगराची. होडी पाण्यात एका जागी थांबवायची तर लंगर पाहिजे. साहेबांनी मुंबईहून चांगला विकतचा लंगर मागवला, पहिल्याच दिवशी पाण्यात टाकला, आणि तो परत वर आला नाही. दुसरा मागवला, तोही गेला. आमच्या धरणाच्या तळाशी समुद्राची वाळू नाही, बुडालेलं जंगल आहे. तोडलेल्या सागाचे, ऐनाचे बुंधे तसेच उभे, आणि मध्ये मध्ये गुडघाभर काळा गाळ. गाळात पडला तर लंगर घसरतो, बुंध्यात पडला तर अडकतो. मग जितकं ओढावं तितका जास्त रुततो आणि शेवटी दोर कापून हात हलवत घरी यावं लागतं.

यावर मंडळाची बैठक झाली. त्या बैठकीत मी उभा राहून म्हणालो होतो, "आपल्या यंत्रांत शिअर पिन असते, तसं काहीतरी लंगराला पाहिजे." शिअर पिन म्हणजे यंत्रात मुद्दाम ठेवलेला एक कच्चा खिळा. जोर फार झाला की तो तुटतो आणि बाकीचं यंत्र वाचतं. हे मी बोललो. पहिल्यांदा बोललो, साहेबांच्या तोंडासमोर बोललो. त्या खोलीतला एकही माणूस आज हे कबूल करत नाही. कारण माझ्या मागं भिंतीला टेकून कुमरे बसला होता आणि तो मोठ्यानं म्हणाला, "खाली जंगल हाय ना सायेब? मंग जंगलातलाच इलाज करा लागते." झालं, सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले.

तोवर तो मंडळात नव्हताही. नुसता चहा प्यायला आला होता. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो. त्या दिवशी रांगेत मी त्याच्या पुढं उभा होतो, हे मी आजही सांगतो. पण मला मिळाला कोळसा विभाग आणि त्याला बॉयलर. मी घरी यायचो तेव्हा माझे दात तेवढे पांढरे दिसायचे. हा दिवसभर बॉयलरपाशी उभा राहायचा आणि संध्याकाळी शर्टाची इस्त्री मोडलेली नसायची. उंच, सावळा, बाह्या वर चढवलेल्या, मागच्या खिशात कंगवा, आणि हसणं असं की कॅन्टीनच्या त्या टोकाचा माणूस विचारायचा, कुमरे आज कोनाले हसून राह्यला? गाव धानोऱ्याच्या पलीकडं, जंगलात. घरी गोंडी, आमच्याशी झाडी बोली, साहेबांशी हिंदी-इंग्रजीची खिचडी, आणि बढाया सगळ्या भाषांत सारख्याच. "माह्यासारखा लंगर बनवनारा चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत दाखवा, मी मिशी काढतो," असं तो त्या बैठकीतच म्हणाला. तेव्हा त्यानं आयुष्यात एकही लंगर बनवलेला नव्हता.

मग बनवला. बल्लारपूरच्या भंगारातून जाड लोखंडी पत्रा आणून त्यानं सुपासारखा रुंद फाळ घडवला, म्हणजे मऊ गाळातही तो धरून राहील. पण खरी करामत दोर बांधण्यात होती. सगळं जग लंगराचा दोर दांड्याच्या टोकाला बांधतं. यानं दोर खाली, फाळाच्या डोक्याला बांधला, दांड्यावरून वर आणला आणि दांड्याच्या टोकाशी एका बारीक दोरीनं नुसता आवळून ठेवला. होडी थांबलेली असते तोवर ती बारीक दोरी तग धरते आणि लंगर नेहमीसारखा काम करतो. अडकलाच, तर होडी बरोबर त्याच्या वर न्यायची आणि जोराचा हिसका द्यायचा. बारीक दोरी तुटते, ओढ फाळाच्या डोक्याला लागते, आणि लंगर जसा बुंध्याखाली शिरला तसाच उलटा सरकत बाहेर येतो.

आणि ती बारीक दोरी कशाची? तर पळसाच्या मुळीची. त्याची आई गावाकडं पळसाची मुळं खणून, ठेचून त्यांचे दोर वळायची, तेच यानं उचललं. नायलॉन नको तेव्हा टिकतं आणि सुती दोरा पाण्यात कुजतो, पळसाची मुळी मात्र तुटायचं तेव्हाच तुटते, असं तो छातीठोकपणे सांगायचा. फक्त ती ताजी वळलेली पाहिजे. एका रविवारी त्यानं सगळ्यांसमोर लंगर मुद्दाम बुंध्यांत सोडला आणि आम्हाला ओढायला लावला. कुणाच्यानं हलेना. मग स्वतः होडीत उभा राहिला, हिसका दिला, आणि लंगर वर. साहेबांनी त्या भिजलेल्या माणसाला मिठी मारली. "साहेब, ही म्हणजे शिअर पिनच झाली," मी म्हणालो. साहेब म्हणाले, "गुरनुले, तुमचा टॉवेल जरा द्या ह्यांना."

तो टॉवेल मला परत मिळाला नाही, पण ते असो. त्या दिवसापासून त्या वस्तूचं नाव 'कुमरे लंगर' पडलं. पाटीवरही तेच येणार आहे. मग त्याला धरबंध राहिला नाही. लहान होड्यांसाठी त्यानं सायकलच्या चिमट्याचा लंगर केला. ढीवरांच्या डोंग्यांसाठी सागाच्या काठ्यांत दगड आवळून एक केला, तो आजही धरणातले मासे धरणारे वापरतात. एक छत्रीसारखा उघडणारा केला होता. तो पाण्यात उघडण्याऐवजी होडीतच उघडला आणि साहेबांची पॅन्ट फाटली. माझ्या हातून असं झालं असतं तर मला मंडळातून काढलं असतं. त्याच्या बाबतीत साहेबच आठवडाभर तो किस्सा हसत हसत सांगत फिरले.

तळाचा गाळ माहीत असल्याशिवाय तो लंगर करायचाच नाही. धरणाच्या कोपऱ्या-कोपऱ्यातला गाळ काढायचा, बोटांत चोळायचा, नाकाला लावायचा आणि घरी न्यायचा. कशात? तर डब्यात. एकदा कॅन्टीनमध्ये आम्ही जेवायला बसलो, त्यानं ऐटीत डबा उघडला, तर आत नुसता काळा गाळ. भाजीचा डबा घरी गेला होता, आणि वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, तो घासून पालथा घातला होता. त्यानं माझा डबा ओढून घेतला आणि निम्मा खाल्ला. मी घरी येऊन चिडून हे सांगितलं, तर सुनंदा, माझी बायको, म्हणते, "पाहा बरं, किती ध्यास हाय त्या मानसाले. तुमी तं डबा बी कधी परत आनत नाई." आता बोला.

घरात तर सगळे त्याचेच. माझे वडील शेवटच्या आजारात माझ्या हातचं पाणी पीत नव्हते. हा यायचा, खाटेवर बसायचा, "काय जी बाबा, जोहार," म्हणायचा, आणि म्हातारा वाटीभर आंबील गटागटा पिऊन टाकायचा. मी दारात उभा राहून बघायचो. आनंद व्हायचा आणि रागही यायचा, दोन्ही एकदमच.

पण मला सगळ्यात जास्त झोंबायचं ते वेगळंच. लंगर तो कधी फेकायचा नाही. कुणी फेकला तर ओरडायचा, "फेकू नका जी! कुत्र्याले दगड मारून राह्यले का?" एकेक हात सैल करत हळूहळू सोडायचा, दोर दोन बोटांत धरायचा आणि डोळे मिटायचा. होडीतले सगळे त्याच्या तोंडाकडे बघत. मग निकाल यायचा. "बसला," म्हणजे लंगरानं जमीन धरली, आता बिनघोर जेवा. किंवा "टेकला," म्हणजे नुसता तळाला लागलाय, वारा आला की घसरणार. त्याच्या बोटांचा निकाल कधी चुकल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या होड्यांतले लोकही त्याला हाका मारून न्यायचे, "कुमरेभाऊ, आमचा पाहा ना." मीही लंगर बनवायचो. दरवर्षी बनवायचो. आणि दरवर्षी तो माझा दोर दोन बोटांत धरून म्हणायचा, "टेकला, गुरनुले. बसला नाई." नोकरीत बढती मिळाली, घर झालं, मुलं शिकली. पण त्या माणसाच्या तोंडून माझ्या लंगरासाठी एकदा 'बसला' ऐकायचं, एवढं एकच मला पाहिजे होतं आणि तेच मिळत नव्हतं.

एकदा नागपूरची शीडवाली मंडळी त्याचे लंगर बघायला आली, सोबत वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. कुमरेनं सगळे लंगर ओळीनं मांडून मिशीवरून हात फिरवत लांबलचक व्याख्यान दिलं. फोटोच्या वेळी मोठा लंगर काही उभा राहीना. कुणीतरी मागून धरा म्हणाले. कोण धरणार? मी धरला. "साहेब, तुम्ही जरा आणखी खाली बसा, डोकं येतंय," फोटोग्राफर म्हणाला. छापून आलेल्या फोटोत कुमरे आहे, लंगर आहे, आणि लंगराच्या दांड्यावर माझा उजवा अंगठा आहे. सुनंदानं तो फोटो कापून भिंतीवर लावला. "तुमी बी हाव ना त्यात," ती म्हणाली.

तान्ह्या पोळ्याची टूमही त्याचीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं पोरं लाकडी बैल सजवून तोरणाखाली उभे करतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ, मागत फिरतात. कुमरे म्हणाला, "पोट्ट्यायचे बैल लाकडाचे, आपले लोखंडाचे. आपन काऊन मागं राहाव?" तेव्हापासून त्या दिवशी पाळीवर आंब्याच्या पानांचं तोरण लागतं आणि त्याखाली मंडळाचे लंगर रांगेनं मांडतात. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूची माळ, कुणी फाळाला बेगड चिकटवतो. मालक आपापल्या लंगरामागं उभा राहतो. मग स्पर्धा. लंगर पाण्यात सोडायचा आणि पाळीवरच्या माणसांनी दोर ओढायचा. घसरला तो बाद. जो टिकेल तो मालकानं होडीतून एकट्यानं वर काढून दाखवायचा. दोन्ही जमलं तो जिंकला. कोण जिंकायचं ते सांगायला नको. बोजाऱ्याचा नारळ तो तिथंच फोडून सगळ्यांना वाटायचा, त्यामुळं त्याच्यावर धड रागावायचीही सोय नव्हती.

एका वर्षी मी ठरवलं, आता बस झालं. हिवाळ्यापासूनच कामाला लागलो. चार फाळांचा लंगर, प्रत्येक फाळाला स्प्रिंग, आणि दोराच्या जागी साखळी, तीही कडी न् कडी मी स्वतः पारखून घेतलेली. जेवणाच्या टेबलावर माझे नकाशे पसरलेले, त्यामुळं घरच्यांनी सगळा उन्हाळा खाली बसून जेवण केलं. तान्ह्या पोळ्याला मी तो लंगर तोरणाखाली मांडला, तेव्हा कुमरे त्याच्याभोवती फिरून आला आणि आपल्या लंगराची माळ सारखी करायला लागला. मला वाटलं, जिरली.

पाण्यात सोडला. पाळीवरच्या माणसांनी साखळी ओढली, हलला नाही. आणखी माणसं आली, बायका आल्या, साहेबांनी चपला काढून हात लावला. तसूभर हलला नाही. आणि त्या वर्षी कुमरेचा लंगर थोडा घसरला होता, हे लक्षात घ्या. मी सुनंदाकडं बघितलं, ती हसत होती. माझी छाती अशी फुगली की सांगता सोय नाही. मग मी होडीत उभा राहून तो वर काढायला गेलो. हिसका दिला. पुन्हा दिला. होडी कलंडली, पाणी आत आलं, लंगर काही येईना. शेवटी श्यामराव ढीवर, जो धरणात मासे धरायचा, बुडी मारून बघून आला. "सागाच्या मुळीखाली चारी आंगानं घुसला जी," तो म्हणाला. "आता धरन आटन तवाच निघन."

कुमरे पाळीवर उभा होता. "गुरनुले," तो ओरडला, "तुमी लंगर नाई जी, खुटा गाडला!" सगळी पाळ हसली. खुटा म्हणजे गुरं बांधायची मेख. त्याच संध्याकाळी कुणीतरी माझ्या साखळीच्या वरच्या टोकाला एक निळा ड्रम बांधला, म्हणजे ते टोक तरंगत राहील, आणि पुढच्या रविवारपासून लोक त्या ड्रमाला होड्या बांधून डबे खायला लागले. कुठी बसले होते? गुरनुल्याच्या खुट्याले. असं माझं नाव त्या धरणाला लागलं.

मी त्याला गाठून विचारलं, "आता तरी बसला म्हना ना जी."

"अटकला," तो म्हणाला.

"एकच झालं."

"एक कसं? बसाले अक्कल लागते. अटकाले काय लागते?"

त्यानंतर कितीतरी दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही. तो यायचा, माझ्या घरी चहा प्यायचा आणि जायचा.

वर्षं गेली. साहेब बदलून गेले, आमचे केस पिकले. कुमरेला साखरेचा आजार जडला. बोटं बधिर झाली, शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायच्या. दोर दोन बोटांत धरून निकाल द्यायचं त्यानं हळूच बंद केलं. कुणी बोलावलं तर म्हणायचा, "आता तुमीच शिका जी." मुळं ठेचणं, दोरी वळणं जमेना, म्हणून जुन्या वळलेल्या दोऱ्याच वापरू लागला, पण हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. मला वहिनींनी सांगितलं. मी म्हटलं, नायलॉन लावा, तर भांडायला उठला.

पावसाळ्यातला एक रविवार. धरण काठोकाठ भरलेलं, दरवाजे उघडलेले. आम्ही सगळे परत आलो होतो. कुमरे एकटाच मधोमध लंगर सोडून, गळ टाकून बसला होता. चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता, तो बघता बघता आडवा झाला. वारा सुटला. आम्ही पाळीवरून हाका मारल्या. त्याच्या होडीनं झोका घेतला, दोर ताणला, आणि होडी एकदम मोकळी होऊन वाहायला लागली. ती जुनी दोरी नको तेव्हा तुटली होती. लंगर उलटा होऊन तळावरून नुसता फरफटत होता, आणि वारा होडीला दरवाज्यांकडं नेत होता.

खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा माझ्या मनात आलं, घ्या, निघाला एकदाचा कुमरेचा लंगर! आणि लगेच मी त्याच्या नावानं ओरडायला लागलो. श्यामरावनं डोंगा पाण्यात ढकलला, तो लाटेनं काठावरच पालथा झाला. वहिनींना कुणी सांगायचं, असं मागं कुणीतरी म्हणालं.

होडी माझ्या निळ्या ड्रमाजवळून चालली होती. कुमरे पुढच्या टोकावर पालथा पडला आणि ज्या बोटांना बटण धरवत नव्हतं, त्या बोटांनी त्यानं ड्रमाची कडी धरली. होडी गर्रकन फिरली आणि थांबली. दोर त्यानं कडीत कसा ओवला, देव जाणे. मग वारा होता तोवर तो तिथं लोंबकळत राहिला आणि मी पाळीवर उभा राहून माझ्या साखळीला विनवत राहिलो. कोणती कडी कुठून आणली, कोणती जरा बारीक होती, सगळं आठवत होतं. निघू नको बापा, आज निघू नको. सुनंदा म्हणते, मी हे मोठ्यानं बोलत होतो.

वारा पडला तसा श्यामराव जाऊन त्याला घेऊन आला. मला वाटलं, आता तरी. पण पाळीवरची माणसं धावली ती त्याच्याकडं. "काय डोकं चालवलं भाऊ! बरोबर ड्रमच धरला!" म्हणे डोकं! अहो, ड्रम कुणाच्या साखळीला होता? साखळी कुणाच्या लंगराला होती? त्याच्या खांद्यावर टॉवेलसुद्धा माझाच होता. तो चहा पीत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "गुरनुले, वरच्या कडीले जंग चढला. बदला थे."

एवढंच. मी तरातरा घरी आलो आणि जेवलो नाही. पुढच्या रविवारी जाऊन कडी मात्र बदलली, कारण गंज खरंच चढला होता.

त्यानंतर आम्ही दोघंही निवृत्त झालो. मी चांद्यातच राहिलो, तो गावी गेला. आता मूत्रपिंडं साथ देत नाहीत, गडचिरोलीच्या दवाखान्यात खेपा चालू आहेत, असं वहिनी फोनवर सांगायच्या. त्याच्या शेवटच्या तान्ह्या पोळ्याला तो येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो सकाळच्या एस.टी.नं आला. शर्ट अंगात लोंबत होता, कंगवा मात्र मागच्या खिशात होता. लंगर आणला नव्हता, हातात नुसती कापडी पिशवी. पाळीवर तोरण लागलं होतं, लंगर मांडून झाले होते, माळा घालून झाल्या होत्या. मी त्या खुट्यानंतर पुन्हा लंगर बनवला नव्हता, त्यामुळं बाजूला खुर्चीत बसलो होतो.

"सारे बैल आले का?" कुमरेनं विचारलं.

"आले ना भाऊ," कुणीतरी म्हणालं.

"नाई आले. एक बैल पान्यात हाय. त्याले कोन सजवते?"

त्यानं पिशवीतून झेंडूची माळ काढली. पळसाच्या मुळीच्या ताज्या दोरीत ओवलेली. दोरी कुठं जाड, कुठं बारीक, मध्ये मध्ये गाठी. कुणी वळली ते विचारायची गरज नव्हती. मी उठलो. म्हटलं, "चला, वल्हं मी मारतो."

"तुमी कायले? मालकानं तोरनाखाली उभं राहा लागते."

त्यानं मला हाताला धरून रांगेत नेलं आणि दोन लंगरांच्या मधल्या रिकाम्या जागेवर उभं केलं. ऊन लागतं म्हणून माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढून स्वतःच्या डोक्याला गुंडाळला आणि श्यामरावच्या डोंग्यात जाऊन बसला. बाकीच्यांच्या पायापुढं सजवलेले लंगर होते, माझ्या पायापुढं गवत होतं.

डोंगा ड्रमाजवळ थांबला. माळ बांधायला त्याला वेळ लागला. श्यामराव मदतीला हात पुढं करायचा आणि हा झटकून टाकायचा. शेवटी बांधली. मग त्यानं ड्रमाखालची साखळी वर ओढून दोन बोटांत धरली आणि डोळे मिटले. पाळीवर सगळे त्याच्याकडे बघत थांबले, जसे पूर्वी थांबायचे. त्या बोटांना आता चहाचा कप गरम आहे की थंड हेही कळत नव्हतं. वहिनींच्या फोनमुळं हे तिथं फक्त मला माहीत होतं.

"गुरनुले!" तो पाण्यावरून ओरडला. आवाज तेवढा जुना राहिला होता. "बसला हाय जी! मस्त बसला!"

आणि टाळ्या पडल्या. कुणाला? लंगर माझा, साखळी माझी, तोरणाखाली मालक म्हणून मी उभा, आणि सगळी पाळ माझ्याकडं पाठ करून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती. आणि तो डोंग्यात उभा राहून, एका हातानं श्यामरावचा खांदा धरून, दुसरा हात वर करून त्या घेत होता. मला नीट दिसेना. डोळे पुसायला खांद्यावर हात नेला, तर टॉवेल त्याच्या डोक्यावर.